अलिबागची प्रकाशरेषा : चित्र आणि त्याचें माप



अलिबागचें नांव काढलें कीं कोणाला आंग्र्यांचें आरमार आठवतें, कोणाला समुद्रांत उभा असलेला कुलाब्याचा किल्ला आठवतो, तर कोणाला वेणी घालून टांगलेला पांढरा कांदा आठवतो. थट्टेनें बोलतांना “मी काय अलिबागहून आलों आहें ?” असेंहि आपण म्हणतों, आणि त्या पांच शब्दांत एका सबंध गांवावर भाबडेपणाचा शिक्का मारून मोकळे होतों. त्याच गांवांत १९०४ सालापासून एक वेधशाळा चालू आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्या जगांतील विद्वानांना तिच्या नोंदींवांचून चालत नाहीं. त्यांच्या दृष्टीनें एखादी नोंद ‘अलिबागहून आलेली’ असणें ही विश्वासाची खूण आहे. हा विश्वास कसा मिळाला व तो कसा टिकविला जात आहे, हें आज मला सांगावयाचें आहे.

परंतु त्याआधीं आपल्या अगदीं परिचयाच्या एका कामाकडे आपलें लक्ष वेधतों. हल्लीं अलिबाग, पेण, रोहें, महाड यांपैकीं कोणत्याहि गांवच्या छपाईच्या दुकानांत गेलें, तर संगणकासमोर बसलेला एखादा तरुण लग्नपत्रिकेंत गणपतीचें चित्र नाहीं तर फलकावर पुढाऱ्याचें छायाचित्र बसवीत असतो. तो चित्राची फाइल निवडतो, मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्यें ‘इम्पोर्ट’ असें लिहिलेल्या जागीं बाण नेऊन कळ दाबतो, आणि चित्र पानावर येऊन बसतें. काम इतकें सोपें झालें आहे कीं त्यांत विचार करण्याजोगें कांहीं असेल असें मनांतहि येत नाहीं. पण चित्र आंत आलें म्हणजे त्याचें सर्वस्व आंत आलें काय ? त्याची खरी लांबीरुंदी, तें कोणत्या प्रमाणानें काढलें, केव्हां काढलें, ही माहिती त्याच्याबरोबर आली कीं उंबरठ्याबाहेरच राहिली ? पत्रिकेवरील गणपतीला हा प्रश्न फारसा जाचत नाहीं. गणपति थोडा रुंद झाला तर यजमान हंसून सोडून देईल. अलिबागच्या वेधशाळेंतील चित्रांचें मात्र सारें मोल ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून चित्र यंत्रांत घेणें म्हणजे काय, हें समजावून घेण्यास तिच्यासारखी दुसरी शाळा नाहीं.

ह्या हकीगतीचा आरंभ अलिबागेंत होत नाहीं; तो होतो मुंबईच्या कुलाब्यांत. ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं तेथें एक वेधशाळा बांधली. बंदरांत येणाऱ्या जहाजांस अचूक वेळ कळावी आणि ग्रहताऱ्यांचे वेध घेतां यावे, हा तिचा हेतु होता. पुढें १८४१ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतील ज्योतिषाचे अध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांनीं तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापें घेण्यास प्रारंभ केला. पहिलीं कांहीं वर्षें हें काम अधूनमधून चाले. १८४५ नंतर त्यास नियमितपणा आला.

होकायंत्राची सुई उत्तर दाखविते, एवढें आपणां सर्वांस ठाऊक असतें. परंतु ती सुई कधींच पूर्ण स्थिर नसते. दिवस चढूं लागला कीं ती किंचित् सरकते, रात्रीं पुन्हां जागेवर येते, आणि एखाद्या दिवशीं कांहीं दृश्य कारण नसतां झपाटल्यासारखी थरथरते. जर्मनींतील गटिंगेन येथें गाउस आणि वेबर या दोघां पंडितांनीं १८३० नंतरच्या दशकांत असें सुचविलें, कीं ही थरथर पृथ्वीवर ठिकठिकाणीं एकाच वेळीं मोजली तरच तिचा अर्थ कळेल. त्या विचारानें देशोदेशीं चुंबकीय वेधशाळा निघाल्या. कुलाब्याचें कामहि त्याच लाटेंतलें.

आरंभीं हें काम डोळ्यांनीं चाले. चुंबक हलला कीं त्याबरोबर एक बारीक मोजपट्टी दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रांत सरके. पाहणाऱ्यानें ठरलेल्या वेळीं आंकडा वाचावा आणि वहींत लिहावा. दिवसा, रात्रीं, पावसांत, उकाड्यांत हाच क्रम. यांत चित्र कोठेंच नव्हतें. सुईची हालचाल माणसाच्या डोळ्यांतून थेट आंकड्यांत उतरे. ही रीत कष्टाची होती, पण तिच्यांत एक गुण होता. लिहिणाऱ्याला आपण काय मोजतों आहों आणि कोणत्या मापानें मोजतों आहों, याचें भान क्षणभरहि सोडतां येत नसे.

या गुणाची किंमत १८५९ सालीं कळली. सप्टेंबरच्या १ तारखेस इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन नांवाचा ज्योतिषी सूर्यावरील डागांचें चित्र रेखाटीत होता. एकाएकीं डागांच्या एका समूहाजवळ त्यास डोळे दिपविणारा प्रकाश दिसला. त्यानंतर अठरा तासहि लोटले नसतील तोंच पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठलें. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. एरवीं ध्रुवाकडच्या मुलुखांत दिसणारा आकाशप्रकाश थेट क्यूबासारख्या उष्ण प्रदेशांत दिसला. लंडनजवळच्या क्यू आणि ग्रीनिच येथील वेधशाळांत त्या वेळीं नोंद घेण्याची एक नवी पद्धति सुरू झालेली होती. प्रकाशाचा ठिपका छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेषा काढीत असे. पण त्या दिवशीं चुंबक इतका दूर फिरला, कीं तो ठिपकाच कागदाच्या कांठाबाहेर गेला. वादळाचा जो सर्वांत महत्त्वाचा भाग, तोच चित्रांत नाहीं !

मुंबईच्या कुलाब्यांत मात्र माणसें दुर्बिणीला डोळा लावून बसलेलीं होतीं. वादळाची चाहूल लागतांच त्यांनीं नेहमींपेक्षां पुष्कळ कमी अंतरानें आंकडे वाचावयास सुरुवात केली. २ सप्टेंबरच्या सकाळीं क्षितिजाच्या दिशेनें असणारें चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनीं खालीं घसरल्याची नोंद त्यांच्या वहींत झाली. या भागांत तें बल अजमासें ३८,००० नॅनोटेस्ला असतें आणि शांत दिवशीं त्यांत होणारा फेरफार कांहीं दहांच्या घरांतला असतो, एवढें सांगितलें म्हणजे त्या घसरणीचा आवांका ध्यानांत येईल. २००३ सालीं त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अलेक्स या चौघांनीं कुलाब्याच्या त्या जुन्या आंकड्यांवरून १८५९ च्या वादळाचा जोर ठरविण्याचा प्रयत्न केला, आणि १४४ वर्षें स्वस्थ पडून राहिलेल्या त्या नोंदीकडे जगाचें लक्ष गेलें. त्या खोल घसरणीचें नेमकें कारण काय, यावर शास्त्रज्ञांत अद्यापि वाद आहे, आणि आंकड्यांची फेरतपासणीहि झाली आहे. पण वाद घालावयास आंकडे आहेत, हीच मोठी गोष्ट. ज्यांनीं ते वाचले त्यांचीं नांवें घरोघर कोणास ठाऊक नाहींत.

असें असलें तरी माणसाचा डोळा अखंड जागा राहूं शकत नाहीं. दोन वाचनांच्या मध्यें काय घडलें, हें वहीला कळत नसे. म्हणून १८७२ पासून कुलाब्यांतहि प्रकाशाकडून रेषा काढून घेण्याची पद्धति आली. इंग्लंडांत चार्ल्स ब्रुक व फ्रान्सिस रोनाल्ड्स यांनीं १८४० नंतरच्या दशकांत ती सिद्ध केलेली होती. तिची रचना थोडक्यांत अशी : अंधाऱ्या खोलींत चुंबकाला एक चिमुकला आरसा जोडलेला असतो. दिव्याचा किरण त्या आरशावर पडून परततो आणि समोरच्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या प्रकाशग्राही कागदावर ठिपक्याच्या रूपानें टेकतो. घड्याळाच्या यंत्रानें तें नळकांडें चोवीस तासांत एक फेरा घेतें. चुंबक हलला कीं आरसा हलतो, आरसा हलला कीं ठिपका सरकतो, आणि दुसऱ्या दिवशीं कागद धुतला म्हणजे त्यावर आदल्या संबंध दिवसाची एक वळणावळणाची रेषा उमटलेली दिसते.

आतां श्रोत्यांनीं एका बारकाव्याकडे अवधान द्यावें. नुसती ती वांकडी रेषा घेऊन काय करणार ? ती कोणापासून वर आणि कोणापासून खालीं ? म्हणून चुंबकाच्या आरशाशेजारीं एक न हलणारा आरसा बसविलेला असतो. त्याच्यावरून परतलेला किरण त्याच कागदावर एक सरळ रेषा काढतो. तिला आधाररेषा म्हणूं. तसेंच दर तासाला प्रकाश क्षणभर झांकून किंवा दुसऱ्या युक्तीनें रेषेवर वेळेची खूण केली जाते. अशा रीतीनें उंची मोजावयाचा पाया आणि वेळ मोजावयाची फूटपट्टी, ह्या दोन्ही गोष्टी चित्राच्या पोटांतच येतात. तिसरी एक गोष्ट मात्र चित्रांत येऊं शकत नाहीं. रेषा एक मिलिमीटर वर गेली म्हणजे चुंबकीय बल कितीनें वाढलें, हा भाव वेगळा प्रयोग करून काढावा लागतो, आणि आधाररेषेचें स्वतःचें मूल्य किती, हें दुसऱ्या स्वतंत्र उपकरणांनीं पुनःपुन्हां तपासावें लागतें. ते आंकडे राहतात वहींत. चित्र आणि वही यांची ताटातूट झाली, तर चित्र मुकें होतें.

विसावें शतक उजाडतां उजाडतां कुलाब्याच्या या शांत घरावर संकट आलें, तें ट्रामच्या रूपानें. मुंबईंत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धांवत होत्या. त्यांच्या जागीं विजेच्या गाड्या आणण्याचें ठरलें. गाडी चालवून परत जाणारी वीज रुळांतून जाते. तशीच कांहीं जमिनींतूनहि पाझरते. जेथें वीज वाहते तेथें चुंबकत्व उत्पन्न होतें. ट्रामगाडी वेधशाळेच्या आसपासून गेली, कीं सूर्यानें लिहावयाच्या कागदावर तीच आपली सही करून जाणार ! कॅनडांत टोरोंटोच्या वेधशाळेस याच कारणास्तव १८९८ सालीं शहराबाहेर जावें लागलें होतें, आणि क्यूचें चुंबकीय काम पुढें १९०८ सालीं स्कॉटलंडांतील एस्कडेलम्यूर येथें गेलें.

कुलाबा वेधशाळेचे संचालक त्या वेळीं नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे होते. १८९६ सालीं त्या पदावर आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्यापुढें दोन प्रश्न होते. नवी जागा कोठें घ्यावयाची, हा पहिला. आणि साठ वर्षांची नोंद न तोडतां तिकडे कशी न्यावयाची, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर समुद्रापलीकडे मिळालें. मुंबईपासून सरळ रेषेंत सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या अलिबागेंत रुळहि नव्हते आणि विजेचा मागमूसहि नव्हता. योगायोग असा, कीं अलिबाग हें त्या वेळीं कुलाबा जिल्ह्याचें मुख्य ठिकाण. त्या जिल्ह्यास तेथील जलदुर्गावरून ते नांव पडलेलें होतें, आणि १९८१ सालीं बदलून तें रायगड असें झालें. म्हणजे वेधशाळा एका कुलाब्याहून निघून दुसऱ्या कुलाब्यास आली.

अलिबागेंत दोन इमारती उभारल्या गेल्या. एकींत रेषा काढणारीं उपकरणें, दुसरींत त्या रेषांचें मूल्य तपासणारीं. बांधकामास चुंबकत्वाचा लवलेश नसलेला पोरबंदरचा दगड वापरला, आणि लोखंड सर्वथा वर्ज्य मानलें. जेथें आपण सहज एखादा खिळा ठोकून छत्री अडकवितों, तेथें एका खिळ्यानेंहि नोंद बाटली असती.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मूस यांनीं जें दिलें, तें ह्या संबंध इतिहासाचें मर्म आहे. १९०४ सालीं अलिबागचीं यंत्रें सुरू झालीं, पण कुलाब्याचीं बंद केलीं नाहींत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं नोंदी सुरू ठेविल्या. तोच दिवस, तेंच वादळ, पण कागद दोन ! दोन्ही जागांच्या मापांत सदैव राहणारा फरक किती, हें अशा रीतीनें ठरलें, आणि मगच कुलाब्याचें चुंबकीय काम थांबलें. मुंबईंत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजीं धांवली. तोंवर नोंद सुखरूप पैलतीरीं पोंचलेली होती. आमच्या किनाऱ्यावरचा कोळी दोन दोर जोडतांना एकाचें टोंक दुसऱ्याला नुसतें बांधीत नाहीं. तो दोघांचेहि पदर उलगडतो आणि हातभर लांबीपर्यंत एकमेकांत विणतो. मग ओढ बसली तरी सांधा सुटत नाहीं. मूस यांनीं केलें तें हेंच. १९१० सालीं त्यांनीं १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या वेधांचे दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले, आणि आपल्या हातीं आलेला वारसा पुढील पिढीस वापरतां येईल अशा रूपांत ठेविला.

त्यानंतर अलिबागेंत कागदामागून कागद जमत गेले. पण समुद्रकांठची हवा कागदाची वैरीण. पावसाळ्याच्या दमटपणानें कागद फुगतो, उन्हाळ्यांत आकसतो, बुरशी धरतो. धुण्याच्या कामांत औषध नीट निघालें नसेल तर रेषा पिवळी पडून विरूं लागते. शिवाय एकाच प्रतीची नोंद. आग, वाळवी, पाणी यांपैकीं कोणीहि एकदां येऊन गेलें कीं तो दिवस इतिहासांतून पुसला. तेव्हां ह्या रेषा संगणकांत नेऊन ठेवाव्या, हा विचार क्रमप्राप्तच होता. १९७१ सालीं स्वायत्त झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था अलिबागचा कारभार पाहते. तिचें मुख्य ठाणें आज नवीन पनवेल येथें, म्हणजे रायगड जिल्ह्यांतच आहे, आणि भूचुंबकीय नोंदींचें एक जागतिक माहितीकेंद्रहि ती चालविते. जुन्या कागदांच्या प्रतिमा संगणकांत घेऊन जतन करण्याचें काम या घरचें आहे.

येथें संगणकांत चित्र शिरतें कसें, याचा थोडा इतिहास सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंत १९५७ सालीं रसेल किर्श यानें आपल्या तान्ह्या मुलाचें एक छायाचित्र यंत्राला वाचावयास दिलें. यंत्रानें त्याचे आडवे १७६ व उभे १७६ असे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोन काळा कीं पांढरा, एवढेंच टिपलें. आज आपण ज्यास पिक्सेल म्हणतों तो हाच चौकोन. आपल्या छपाईच्या दुकानांत येणारें प्रत्येक छायाचित्र ह्या तान्ह्या मुलाच्या वंशांतलें आहे. त्याच देशांत १९६३ सालीं आयव्हन सदरलंड यानें निराळी वाट दाखविली. त्याच्या पद्धतींत यंत्र ठिपके सांठवीत नसे, तर ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेषा’ असें वर्णन सांठवी. पहिलें तें ठिपक्यांचें चित्र, दुसरें तें रेषांचें चित्र. ठिपक्यांचें चित्र मोठें केलें कीं फाटतें. रेषांचें चित्र कितीहि मोठें केलें तरी रेखीव राहतें. १९८७ सालीं बाजारांत आलेल्या इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरांत ठिपक्यांचें चित्र तळाशीं घेऊन त्यावरून रेषा गिरवितां येऊं लागली. मुलें खिडकीच्या कांचेवर कागद धरून नकाशा उतरवितात, तसाच हा प्रकार.

अलिबागच्या कागदाला ह्या दोन्ही पायऱ्या चढाव्या लागतात. आधीं स्कॅनरखालीं तो ठिपक्यांचा होतो, आणि मग ती ठिपक्यांची रेषा गिरवून तिचे आंकडे करावे लागतात. यांत माप कोठें कोठें निसटूं शकतें, तें पाहूं. समजा, कागद ताशीं १५ मिलिमीटर या गतीनें सरकला आहे. म्हणजे एका मिनिटाच्या वांट्याला पाव मिलिमीटर आला. स्कॅनरला इंचास ३०० ठिपके घ्यावयास सांगितलें, तर त्या पाव मिलिमीटरांत सुमारे तीन ठिपके बसतात आणि मिनिटामिनिटाची हालचाल वाचतां येते. घाईनें इंचास ७२ ठिपकेच घेतले, तर मिनिटाला एक ठिपकाहि पुरा मिळत नाहीं. मिनिट नाहींसा होतो, आणि पुढें कितीहि शक्तिमान यंत्र आणलें तरी तो परत येत नाहीं. कारण जें आंत घेतलेंच नाहीं, तें आंत सांपडणार कोठून ?

दुसरें संकट फाइलीच्या जातीचें. टिफ जातीची फाइल (ही जात १९८६ सालची) प्रत्येक ठिपका जसाच्या तसा ठेवूं शकते. ती जागा मात्र पुष्कळ अडविते. चाळीस सेंटिमीटर लांब आणि वीस सेंटिमीटर रुंद कागदाचे वरील हिशोबानें एक कोटीहून अधिक ठिपके होतात. १९९२ सालीं मान्यता पावलेली जेपेग पद्धति चित्राचे लहान लहान चौकोनी तुकडे करून त्यांतील बारीक तपशील टाकून देते आणि फाइल लहान करते. माणसाच्या चेहऱ्यास तें खपतें. केसासारख्या बारीक रेषेच्या कडेला मात्र त्यानें धूसरपणा येतो, आणि रेषेची नेमकी उंची कोणती, हें ठरविणें कठीण होतें.

तिसरें संकट मांडणीचें, आणि तें आपल्या छपाईवाल्या तरुणासहि रोज भेटतें. इंचास किती ठिपके, ही माहिती चित्राच्या फाइलींत एका बाजूस लिहिलेली असते. कांहीं वेळां ती पुसली जाते, कांहीं वेळां सॉफ्टवेअर तिकडे पाहतच नाहीं. मग ३०० चें चित्र ७२ चें समजून आंत घेतलें जातें आणि पानावर मूळच्या चौपटीहून मोठें होऊन उतरतें. बरें, पानांत बसावें म्हणून कोणी एक बाजू ओढली, तर उंची आणि लांबी यांचें परस्पर प्रमाणहि मोडतें. अशा चित्रावर फूटपट्टी ठेवून माप घेणें व्यर्थ होय.

परंतु जुन्या लोकांची दूरदृष्टि येथें कामास येते. त्यांनीं तासांच्या खुणा व आधाररेषा चित्राच्या आंतच काढून ठेविल्या आहेत. चित्र चौपट होवो वा आडवें आकसो, दोन खुणांमधील अंतर एक तासच राहतें, कारण खुणा चित्राबरोबरच ताणल्या व आकसल्या जातात. कागद स्कॅनरवर तिरपा ठेवला गेला, तरी सरळ असावयास हवी ती आधाररेषा तिरपी दिसून चूक सांगते. वर्षांनुवर्षें कागद आटला असला, तरी त्याचीहि साक्ष त्याच खुणा देतात. उंचीचा भाव मात्र वहींतला, आणि तो ‘एका मिलिमीटरास इतकें’ असा. म्हणून मूळ कागदाची खरी उंची मोजून ठेवावी लागते, आणि वहीचें पान व चित्राची फाइल यांस एकच तारीख व एकच नांव देऊन त्यांची जोडी कायम राखावी लागते. संगणकाच्या कपाटांत हजारों फाइली असतां, ज्या फाइलीचें नांवच चुकलें ती हरवल्यासारखीच.

शेवटलें संकट सर्वांत सूक्ष्म आहे. वादळाच्या वेळीं चुंबक वेगानें फिरतो, त्याबरोबर प्रकाशाचा ठिपकाहि वेगानें धांवतो. म्हणून कागदावर त्याचा ठसा अगदीं फिकट उमटतो. जो तास अत्यंत मोलाचा, त्याचीच रेषा सर्वांत पुसट ! चित्र ‘स्वच्छ’ करण्याची कळ दाबली कीं यंत्र धुळीबरोबर त्या पुसट रेषेलाहि झाडून टाकतें. एकाच कागदावर दोन-तीन वक्ररेषा असतात. त्या जेथें एकमेकींस छेदतात तेथें आपोआप गिरविणारें सॉफ्टवेअर एकीचा हात सोडून दुसरीचा धरतें. म्हणून तेथें पुन्हां जाणत्या माणसाचा डोळा लागतो. १८५९ सालीं जो दुर्बिणीला लागला होता, तोच आतां पडद्याला लागतो, एवढाच काय तो फरक.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. १३ मार्च १९८९ रोजीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत चुंबकीय वादळानें विजेचें जाळें कोलमडलें; सुमारे साठ लक्ष लोक नऊ तासांपर्यंत अंधारांत राहिले. मे २०२४ मधील वादळांत लडाखमधील हानले येथून आकाशांत तांबडा प्रकाश टिपला गेला. आज आपली वीज, विमानें, उपग्रह आणि त्यांवर चालणारें दिशादर्शन हीं सर्व सूर्याच्या लहरीस बांधलेलीं आहेत. असें मोठें वादळ किती वर्षांनीं येतें, हा प्रश्न आहे. वीस-तीस वर्षांच्या नोंदीवरून त्याचें उत्तर देतां येत नाहीं; त्यासाठीं दीडशें-पावणेदोनशें वर्षांची एकसंध नोंद लागते. विषुववृत्ताच्या बाजूस अशी जुनी नोंद फार थोड्या ठिकाणीं आहे. कुलाबा-अलिबाग हें त्यांपैकीं एक. आज अलिबागचीं नवीन यंत्रें आंकडे थेट संगणकांत लिहितात आणि ‘एबीजी’ या तीन अक्षरी संकेतानें ते जगभर ओळखले जातात. पण त्या आंकड्यांना मागील शतकाशीं जोडणारा धागा त्या जुन्या कागदांवरच आहे.

ह्या इतिहासांतून छपाईच्या दुकानांतील तरुणानें व आपण सर्वांनीं घ्यावयाचें तें थोडेंच आहे. घरांत आजोबांचें एखादें जुनें छायाचित्र असेल, गांवाच्या जमिनीचा नकाशा असेल, देवळांतील शिलालेखाचा ठसा असेल, तर तो संगणकांत अवश्य घ्यावा. पण घेतांना शेजारीं एक मोजपट्टी ठेवून ती चित्रांत येऊं द्यावी. चित्र कोणाचें, कोठलें व कोणत्या सालचें, हें फाइलीच्या नांवांत लिहावें. पहिली प्रत कमींत कमी काटछांट केलेली अशी बाजूस ठेवावी, आणि साफसफाई जी करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर करावी. मूळ कागद तर कधींच टाकूं नये. चित्राला आंत घेणारीं यंत्रें दर दहा-वीस वर्षांनीं बदलतील. आजच्या फाइलीच्या जाती उद्यां कोणास ओळखूंहि येणार नाहींत. त्या वेळीं नवें यंत्र आणि जुनें यंत्र हीं दोन्ही कांहीं काळ बरोबर चालवून सांधा विणून घ्यावा लागेल. मूस यांनीं १९०४ पासून दोन वर्षें तसा तो विणला होता. असा सांधा विणणारे लोक ज्या गांवांत होऊन गेले, त्या गांवाहून आलों असें सांगण्यांत कोणासहि कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं.